अँबरलिस्ट-१५ : बगॅसपासून रसायने करू पाहणाऱ्यांनी हे रेझिन घ्यावे का?

शेतीतील टाकाऊ मालापासून घन उत्प्रेरकांच्या साहाय्याने रसायने कशी तयार करता येतील, याविषयी कोणीही वाचन सुरू केले की अँबरलिस्ट-१५ हे नाव त्याच्यासमोर लवकरच येते. स्टायरीन आणि डायव्हिनिलबेन्झीन यांच्या सच्छिद्र बहुवारिकाला (पॉलिमरला) सल्फोनिक आम्लाचे गट जोडून केलेले हे रेझिन मूळचे रोम अँड हास या अमेरिकी कंपनीचे. ती कंपनी २००९ मध्ये डाऊने विकत घेतली आणि आता हे उत्पादन ड्युपाँटच्या नावाने मिळते. मी औद्योगिक रसायनशास्त्र शिकवतो आणि आमच्या प्रयोगशाळेत हे रेझिन नियमित वापरात आहे. अलीकडे साखर कारखान्यांतील तरुण रसायनतज्ज्ञ आणि नवउद्योजक त्याविषयी वारंवार विचारू लागले आहेत, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. विरघळलेल्या, स्वच्छ केलेल्या कच्च्या मालावर हे रेझिन अतिशय चांगले काम करते. मात्र बगॅस (उसाचा चोथा), तूस किंवा भुसा थेट पात्रात टाकून त्यावर वापरण्यासाठी ते घेऊ नये.

हा प्रश्न आमच्या भागासाठी जिव्हाळ्याचा का आहे, ते थोडक्यात सांगतो. १०० टन ऊस गाळला की साधारण २८ ते ३० टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असते आणि उरलेल्या कोरड्या भागाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग हेमिसेल्युलोजचा, म्हणजे वनस्पतीतील साखरांच्या साखळ्यांचा असतो. हेमिसेल्युलोज आम्लाने तोडले की मुख्यतः झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते आणि झायलोजमधून पाण्याचे तीन रेणू काढले की फरफ्युरल तयार होते. हिशेबाने १०० ग्रॅम झायलोजपासून ६४ ग्रॅम फरफ्युरल मिळायला हवे. फरफ्युरलचे हायड्रोजनीकरण केले की फरफ्युरिल अल्कोहोल होते आणि त्यापासून बनणारे फ्युरान रेझिन फाउंड्रीत वाळूचे साचे बांधण्यासाठी वापरतात. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत काम केलेल्या कोणालाही त्याचा वास ओळखीचा असेल. म्हणजे ज्या जिल्ह्यात बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याच जिल्ह्यात बगॅसपासून करता येणाऱ्या रसायनाचे गिऱ्हाईक बसलेले आहे. जगातील बहुतांश फरफ्युरल मात्र चीनमध्ये, दाणे काढून घेतलेल्या मक्याच्या कणसांपासून तयार होते. उसाच्या बगॅसपासून ते करणारे मोठे कारखाने दक्षिण आफ्रिकेत सेझेला येथे आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात ला रोमाना येथे उभे राहिले.

हा उद्योग नवा नाही. क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स येथे ओटच्या टरफलांपासून विरल सल्फ्युरिक आम्ल आणि वाफ वापरून व्यापारी प्रमाणावर फरफ्युरल काढायला सुरुवात केली. आजही बरेचसे उत्पादन त्याच धाटणीच्या प्रक्रियेने होते आणि तिच्या अडचणीही त्याच आहेत. आम्ल पोलाद खाते. उरलेल्या चोथ्यात आणि सांडपाण्यात आम्ल राहते. ते चुन्याने मारले की जिप्समचा गाळ साचतो. घन आम्लाचे आकर्षण येथूनच निर्माण होते. आम्ल जर मण्याला पक्के बांधलेले असेल, तर काम झाल्यावर मणी गाळून घ्यायचे, धुवायचे आणि पुन्हा वापरायचे. अँबरलिस्ट-१५ चे वचन नेमके हे आहे आणि ते कोठे पाळले जाते व कोठे मोडते, हे समजून घेतल्याशिवाय खरेदी करू नये.

कोरड्या प्रकारच्या बाटलीत करडे-तपकिरी, अपारदर्शक, बारीक गोल मणी असतात. उत्पादकाच्या माहितीनुसार एका ग्रॅम कोरड्या रेझिनमध्ये किमान ४.७ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाची क्षमता मोजण्याचे एकक) आम्ल असते. हा आकडा प्रत्येकाने स्वतः तपासावा, कारण ही चाचणी बारावीच्या प्रयोगशाळेतही होण्यासारखी आहे. एक ग्रॅम रेझिन नीट सुकवून मिठाच्या भरपूर द्रावणात ढवळत ठेवायचे. मिठातील सोडियम मण्यांत शिरतो आणि मण्यांतील हायड्रोजन आयन पाण्यात उतरतात. मग फिनॉल्फ्थॅलीन हे सूचक घालून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेशन करायचे. आकडा खरा असेल तर ४७ मिलिलिटरच्या आसपास गुलाबी रंग टिकला पाहिजे. आमच्याकडे आलेल्या कोरड्या मालाने ही कसोटी व्यवस्थित पार केली. तुलनेसाठी सांगतो, की तीव्र सल्फ्युरिक आम्लात एका ग्रॅमला सुमारे २० मिलिइक्विव्हॅलंट असतात. म्हणजे केवळ आम्लाच्या मोजमापाने पाहिले तर एक किलो रेझिन पाव किलोहून कमी आम्लाची जागा घेते आणि त्याची किंमत त्या आम्लाच्या कितीतरी पट असते. रेझिन परवडायचे असेल तर ते पुन्हा पुन्हा वापरता आलेच पाहिजे; एकदाच वापरून टाकून द्यायचे असेल तर त्याचा काहीही उपयोग नाही.

या मिठाच्या चाचणीवर मी इतका भर देत आहे, याचे कारण बगॅसवर हे रेझिन का फसते, याचे उत्तरही याच चाचणीत आहे. बगॅस म्हणजे निव्वळ सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन (वनस्पतीला लाकडासारखा कठीणपणा देणारा घटक) नव्हे. त्यात पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असतात आणि कारखान्याच्या गव्हाणीतून आलेली मातीही असते. गरम पाण्यात हे क्षार उतरले की मिठाच्या चाचणीत सोडियमने जे केले तेच पोटॅशियम करतो. तो सल्फोनिक गटावरील हायड्रोजन आयनाची जागा घेतो. हिशेब केला तर एका ग्रॅम रेझिनची सगळी आम्लता संपवायला केवळ १८४ मिलिग्रॅम पोटॅशियम पुरतो. कॅल्शियमला दोन प्रभार असल्यामुळे तो मण्याला आणखी घट्ट चिकटतो.

येथे एक फसवणूक घडते आणि ती नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. मण्यांतून बाहेर पडलेले हायड्रोजन आयन नाहीसे होत नाहीत. ते क्लोराइडसारख्या ऋण आयनांच्या सोबतीने पाण्यात राहतात, म्हणजेच पात्रात चक्क विरल हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. बगॅसच्या तंतूंत शिरून साखळ्या तोडण्याचे काम हे विरघळलेले आम्ल करते. पहिल्या खेपेला उतारा (मिळणाऱ्या मालाचे प्रमाण) चांगला दिसतो, विद्यार्थी आनंदतो आणि श्रेय रेझिनला जाते. तेच मणी गाळून दुसऱ्या खेपेला वापरले की उतारा कोसळतो, कारण आता मण्यांवर आम्लाऐवजी पोटॅशियम बसलेला असतो. शिवाय ज्या गंजाला टाळण्यासाठी घन आम्ल आणले, तोच गंज क्लोराइड आणि आम्ल यांच्या जोडीने पोलादी पात्राला लागू शकतो.

यावर उपाय म्हणजे गरम गाळणीची कसोटी. अभिक्रिया अर्ध्यावर असताना, तापमान उतरू न देता, मणी गाळून बाजूला काढायचे आणि उरलेले द्रव त्याच तापमानाला पुढे चालू ठेवायचे. द्रवातील अभिक्रिया पुढे सरकत राहिली, तर काम विरघळलेल्या आम्लाचे आहे, असे समजावे. बगॅसवर घन उत्प्रेरकाचा उतारा सांगणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की ही कसोटी केली का. जर्मनीत म्युलहाइम येथील माक्स प्लांक कोळसा संशोधन संस्थेत रिनाल्दी, पाल्कोविट्स आणि श्यूट यांनी २००८ मध्ये याच कोरड्या अँबरलिस्ट-१५ ने आयनिक द्रवात (द्रवरूप क्षारात) विरघळवलेले सेल्युलोज १०० अंश सेल्सियसला तोडून दाखवले. ते काम उत्तम आहे आणि म्हणूनच नीट वाचण्यासारखे आहे. आयनिक द्रवातील धन आयन रेझिनवरील हायड्रोजन आयनाची जागा हळूहळू घेतात आणि सुटलेले आम्ल साखळ्या तोडते, असेच त्यातून दिसते. मणी तेथे आम्ल सावकाश सोडणाऱ्या साठ्याचे काम करतो.

क्षारांची अडचण बगॅस आधी गरम पाण्याने आणि मग विरल आम्लाने धुऊन बरीच कमी करता येते. पण त्यानंतरही मूळची अडचण उरते. उत्प्रेरक घन आहे आणि बगॅसही घन आहे. आम्लाचे बहुतेक सगळे गट मण्याच्या आतल्या छिद्रांत असतात आणि हेमिसेल्युलोजची लांब साखळी, तीही लिग्निनच्या वेढ्यात अडकलेली, त्या छिद्रांत जाऊ शकत नाही. दोन घन पदार्थ पाण्यात कितीही ढवळले तरी त्यांची भेट केवळ पृष्ठभागावर होते. ढवळण्याचा जोर वाढवला तर चुंबकाची कांडी तळाशी मणी भरडते आणि त्यांची पूड चोथ्यात अशी मिसळते, की नंतर वेगळी करता येत नाही. गाळून पुन्हा वापरण्याचे जे वचन होते, ते येथे संपते. वरून ढवळणारा पंखा वापरावा किंवा मणी जाळीच्या टोपलीत ठेवावेत, असा माझा आग्रह आहे.

तिसरी मर्यादा तापमानाची आहे आणि ती उत्पादकाने स्वतःच स्पष्ट छापलेली आहे. अँबरलिस्ट-१५ साठी कमाल तापमान १२० अंश सेल्सियस आहे. पाण्यात झायलोजपासून समाधानकारक वेगाने फरफ्युरल काढायचे तर साधारण १४० ते २०० अंश लागतात. त्या तापमानाला सल्फोनिक गट बहुवारिकापासून सुटू लागतात आणि पाण्यात सल्फ्युरिक आम्ल होऊन मिसळतात. उत्पादकाला यासाठी दोष देता येणार नाही. दोष असेल तर छापील मर्यादा न वाचता पात्राचे तापमान चढवणाऱ्याचा. मर्यादेच्या आत राहून धुतलेल्या बगॅसवर पाण्यात काम केले तर काय होते, हे पाहायला ॲनिलीन आणि ॲसिटिक आम्लाने भिजवलेला गाळणकागद पुरेसा आहे. फरफ्युरलची वाफ लागली की तो लालभडक होतो. मक्याच्या कणसांना विरल सल्फ्युरिक आम्लासह उकळले की हा कागद क्षणात रंगतो. रेझिन आणि बगॅस यांच्या पात्रावर धरलेला कागद आमच्याकडे फिकट गुलाबी होऊन तेथेच थांबला.

१२० अंशांची मर्यादा पाळूनही फरफ्युरल काढता येते, हे जपानच्या इशिकावा येथील प्रगत विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील एबितानी यांच्या गटाने दाखवले आहे. त्यांनी अँबरलिस्ट-१५ सोबत हायड्रोटाल्साइट हा घन अल्कली त्याच पात्रात वापरला. अल्कली झायलोजचे रूपांतर झायल्युलोजमध्ये करतो, झायल्युलोजमधून पाणी काढणे सोपे असते आणि ते काम रेझिन १०० अंशांच्या आसपास करते. आम्ल आणि अल्कली एकाच पात्रात एकमेकांना न मारता नांदतात, कारण दोघेही घन आहेत. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. मात्र तेथील कच्चा माल शुद्ध झायलोज होता आणि द्रावक डायमिथाइल फॉर्मामाइड. साखर कारखान्याच्या आवारात त्या द्रावकाचे पिंप आणून ठेवावे, असे मी कोणालाही सुचवणार नाही.

आता या रेझिनची खरी बाजू. लिव्ह्युलिनिक आम्ल हे सेल्युलोजपासून मिळणारे महत्त्वाचे रसायन आहे. ते आणि इथेनॉल यांच्यापासून इथाइल लिव्ह्युलिनेट हे एस्टर करायचे असेल, तर अँबरलिस्ट-१५ इतका सोयीचा उत्प्रेरक मी क्वचितच पाहिला आहे. इथेनॉल भरपूर घ्यायचे, ते उकळते ठेवायचे आणि मणी टोपलीत सोडायचे, एवढीच मांडणी लागते. तापमान मर्यादेच्या खूप खाली राहते, क्षार नसतात, दोन्ही द्रव छिद्रांत सहज शिरतात. काम संपल्यावर टोपली उचलली की खाली राहणारे द्रव फिकट आणि स्वच्छ असते. सोड्याने आम्ल मारण्याची आणि नंतर पाण्याने धुण्याची पायरीच उरत नाही. सल्फ्युरिक आम्लाने हेच एस्टर केलेल्या माणसाला या सोयीचे मोल सांगावे लागत नाही. मणी इथेनॉलने धुऊन, सुकवून पुन्हा वापरले तरी त्यांची कामगिरी फारशी घसरत नाही. मात्र दर खेपेनंतर मिठाची चाचणी करून आम्लता वहीत लिहून ठेवावी.

फरफ्युरिल अल्कोहोल आणि इथेनॉल यांच्यापासूनही हेच एस्टर या रेझिनने करता येते. येथे मात्र गंभीर इशारा देणे मी कर्तव्य समजतो. फरफ्युरिल अल्कोहोल तीव्र आम्लाच्या संपर्कात आले की ते जोरदार उष्णता सोडत स्वतःशीच जोडले जाते. फाउंड्रीत वाळू घट्ट होते ती याच अभिक्रियेने, आणि तेथे हार्डनर म्हणून जे पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल वापरतात, त्याचीच रचना या मण्यांत बहुवारिकाच्या साखळीला बांधलेली आहे. म्हणून कोरड्या रेझिनवर शुद्ध फरफ्युरिल अल्कोहोल कधीही ओतू नये. आधी इथेनॉल आणि मणी, मग थेंबाथेंबाने फरफ्युरिल अल्कोहोल, आणि थंड पाण्याची सोय हाताशी, हा क्रम मोडू नये. काळजी घेतली तरी काही प्रमाणात काळी राळ मण्यांवर बसतेच. ती मेथॅनॉलने थोडी निघते आणि धुतलेले द्रव तपकिरी उतरते. छिद्रांत खोलवर बसलेली राळ निघत नाही. झिओलाइट हा सूक्ष्म छिद्रांचा खनिज उत्प्रेरक ५०० अंशांच्या पुढे हवेत तापवून अशी राळ जाळून टाकता येते, रेझिनच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. क्षारांनी निकामी झालेले मणी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन पूर्ववत होतात, राळेने निकामी झालेले होत नाहीत.

मग बगॅससाठी काय घ्यावे? त्याच मालिकेतील अँबरलिस्ट-७० मध्ये बेन्झीनच्या वलयावर क्लोरीन असल्यामुळे ते १९० अंशांपर्यंत टिकते, पण त्याची आम्लता एका ग्रॅमला सुमारे २.५५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळजवळ निम्मी आहे, आणि क्षारांचा धोका तसाच राहतो. झिओलाइटला उष्णतेचे भय नसते असे सरसकट म्हटले जाते. गरम वाफेपुरते ते बहुतांशी ठीक आहे, पण १५० ते २०० अंशांच्या द्रवरूप पाण्यात वाय प्रकारच्या झिओलाइटची चौकट ढासळते, तर झेडएसएम-५ हा दुसरा प्रकार बऱ्यापैकी टिकून राहतो. झेडएसएम-५ ची छिद्रे मात्र साडेपाच अँगस्ट्रॉमच्या आसपास, म्हणजे झायलोजलाही अडचणीची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत परेश ढेपे यांच्या गटाने बगॅस, तूस आणि गव्हाचे काड यांतील हेमिसेल्युलोजवर घन आम्लांचे काम १७० अंशांच्या आसपास, पाण्यासोबत सेंद्रिय द्रावक वापरून केले आहे. तयार झालेले फरफ्युरल लगेच द्रावकाच्या थरात निघून जावे आणि पाण्यात राहून त्याची राळ होऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. या विषयात उतरू पाहणाऱ्या मराठी तरुणांनी ते संशोधन आवर्जून वाचावे.

प्रत्यक्ष उद्योगाचा विचार करणाऱ्याला मी दोन टप्प्यांचा मार्ग सुचवेन. पहिल्या टप्प्यात बगॅसवर दाबाखालील गरम पाणी किंवा अगदी विरल आम्ल चालवून साखरेचे द्रव वेगळे काढावे आणि उरलेला चोथा वाळवून बॉयलरला द्यावा. कारखान्याचे इंधन त्यामुळे पूर्णपणे बुडत नाही, ही गोष्ट संचालक मंडळासमोर फार महत्त्वाची ठरते. दुसऱ्या टप्प्यात ते द्रव गाळून, त्यातील क्षार काढून मगच घन उत्प्रेरकाकडे न्यावे. क्षार काढण्यासाठी पाणी शुद्ध करण्याचे साधे, स्वस्त आयन विनिमय रेझिन पुरते. त्या कामावर महाग उत्प्रेरक खर्च करू नये.

खरेदीविषयी थोडे. अँबरलिस्ट-१५ कोरड्या आणि ओल्या अशा दोन प्रकारांत मिळते आणि ओल्या प्रकारात वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असते. आम्ही एका पुरवठादाराकडे कोरडा माल मागितला असता ओला आला आणि बिल कोरड्याच्या दराने लागले. चूक दाखवल्यावर माल बदलून मिळाला, पण त्यात बराच काळ गेला. मागणीपत्रावर प्रकार स्पष्ट लिहावा आणि बाटली येताच थोडे मणी तोलून, १०५ अंशांवर सुकवून पुन्हा तोलावेत. एस्टरच्या कामात पाणी अभिक्रियेला उलट ढकलते, त्यामुळे कोरडाच प्रकार घ्यावा. पुण्याच्या थरमॅक्सची टुल्सियन आणि आयन एक्स्चेंज इंडियाची इंडिऑन या देशी मालिकांतही सल्फोनिक उत्प्रेरक रेझिने आहेत. मोठ्या प्रमाणावर काम करायचे असेल तर त्यांचे नमुने मागवून वर सांगितलेल्या मिठाच्या चाचणीने आणि गरम गाळणीच्या कसोटीने पारखावेत.

बाटली घट्ट बंद ठेवावी, कारण कोरडे मणी हवेतील ओलावा ओढून घेतात. निकामी झालेले मणी भट्टीत किंवा बॉयलरमध्ये टाकू नयेत. सल्फोनिक गट जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो. विरल सोड्याच्या द्रावणाने त्यांची आम्लता मारून ते घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावेत.